दिंडीची गाडी : चाकांवरचे घर निर्मळ कसे राखावे?

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली, की आमच्या मिरजगाव पंचक्रोशीचे कान त्र्यंबकेश्वराच्या वाटेकडे लागतात. संत निवृत्तिनाथांची पालखी तेथून निघते आणि नाशिक, बेलापूर, राहुरी, अहिल्यानगर असे मुक्काम करीत मिरजगावी येते. येथून कर्जत आणि पुढे करमाळा तालुका ओलांडून ती पंढरीकडे जाते. टाळ-मृदंगांचा नाद आणि तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या मायमाउल्या यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. आज मात्र मला त्या सोहळ्याच्या मागेपुढे धावणाऱ्या एका उपेक्षित सोबत्याविषयी लिहावयाचे आहे. तो सोबती म्हणजे दिंडीची गाडी.

प्रत्येक दिंडीचा एखादा ट्रक किंवा टेम्पो असतो. त्याच्या हौद्यात वळकट्या, पडशा, राहुट्यांच्या काठ्या, पातेली, शिधा, गॅसच्या टाक्या आणि पाण्याचे पिंप रचलेले असते. भल्या पहाटे गाडी पुढे निघते, पुढच्या मुक्कामी स्वयंपाक लागतो, राहुट्या उभ्या राहतात. पाय थकलेली म्हातारी माणसे मधला एखादा टप्पा याच गाडीत बसून काढतात आणि पावसाने राहुटीत चिखल झाला, तर रात्रही तिच्यातच काढतात. अलीकडे अनेक कुटुंबे आपली जीप किंवा लहान टेम्पो घेऊन दिंडीबरोबर चालतात. आई-वडील गाडीत, तरुण मंडळी पायी, अशी ती वाटणी असते. परदेशांत लोक स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली मोठी गाडी घेऊन महिना-महिना हिंडतात, असे आपण ऐकतो. आपल्याकडे चाकांवरचे घर फार पूर्वीपासून आहे. पूर्वी त्याला बैल जोडलेले असत, आता इंजिन आले, एवढाच फरक.

घर म्हटले की केर आला, सांडपाणी आले, ओले कपडे आले आणि आजारपणही आले. बांधलेल्या घरात खोल्या वेगळ्या असतात, मोरी एका बाजूला असते, उन्हाला अंगण असते. गाडीत मात्र अंथरुणाला लागून शिधा, शिध्याला लागून चपला आणि चपलांच्या शेजारी पिण्याचे पाणी, असा सारा संसार एका जागी असतो. म्हणून तेथील एका माणसाची हगवण दोन दिवसांत दहा जणांची होते.

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारले होते, “सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. पंढरीला गाडीतून का होईना, पण दिंडीबरोबर जायचेच, असा त्यांचा हट्ट आहे. न्यावे की न न्यावे?” माझे उत्तर असे : प्रकृती स्थिर असेल, निघण्यापूर्वी तपासणी झाली असेल आणि सोबत एक जबाबदार माणूस असेल, तर अवश्य न्यावे. या वयात मनाची उभारी हेही औषधच असते. परंतु हा प्रवास त्यांना सोसेल की नाही, हे जितके त्यांच्या प्रकृतीवर अवलंबून आहे, तितकेच त्या गाडीच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. ती कशी राखावी, ते क्रमाने पाहू.

पाणी : पहिली आणि शेवटची काळजी

एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ आणि पंढरीची यात्रा यांचे नाते भयानक होते. यात्रेहून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकी गावोगाव पोहोचत असे. ती देवीच्या कोपाने येत नाही, तर दूषित पाण्यातून येते, हे पुढे सिद्ध झाले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कोलकात्यात या रोगाचे जंतू ओळखले आणि ते तेथील एका तळ्याच्या पाण्यातही त्याला सापडले. आज पटकी पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण हगवण, विषमज्वर आणि कावीळ यांची वाट तीच आहे.

दिंडीच्या गाडीतील पाण्याची टाकी निघण्यापूर्वी एकदा नीट धुवावी. आतून खराट्याने किंवा काथ्याने घासून गाळ काढून टाकावा. मग ती पाण्याने भरून १००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण घालावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते सर्व पाणी तोटीतून सोडून द्यावे, म्हणजे तोटीही आतून शुद्ध होते. त्यानंतर स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून घ्यावे. हे पाणी पिण्याचे नव्हे, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

प्रवासात ज्या ज्या वेळी टाकी भराल, त्या त्या वेळी पिण्याच्या पाण्यासाठी वेगळे प्रमाण आहे. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते. साधारणपणे अर्धा चहाचा चमचा, असे म्हणता येईल. पावडर थेट टाकीत टाकू नये. एका बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे. नंतर किमान एक तास थांबावे. हा एक तास फार महत्त्वाचा आहे, कारण जंतू मरावयास वेळ लागतो. तहान लागली म्हणून दहा मिनिटांत पेला भरला, तर औषध घालून न घातल्यासारखेच.

पाणी गढूळ असेल, तर क्लोरीनची शक्ती त्या गाळावरच खर्च होते. अशा वेळी आधी तुरटी फिरवावी, गाळ बसू द्यावा, निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यावे आणि मग औषध घालावे. पावडरही जुनी किंवा ओलसर नको. उघड्या पुड्यातील पावडर काही दिवसांत निकामी होते. मुक्कामाच्या गावी आरोग्यसेवक भेटतात. त्यांच्याकडे पाण्यात औषध पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची सोपी चाचणी असते. दोन थेंब टाकले की पाणी पिवळसर होते. संकोच न करता ती करवून घ्यावी.

ज्यांच्या गाडीत मोठी टाकी नाही, त्यांनी क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात आणि पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळावे. किंवा पाणी खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसे होते. निव्वळ कोमट केलेले पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे.

शुद्ध पाणी पुन्हा दूषित होते ते हाताने. पिंपात पेला बुडवू नये. तोटी असलेले भांडे ठेवावे, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे. पिण्याच्या आणि वापरण्याच्या पाण्याची भांडी वेगवेगळ्या रंगांची असावीत. नजर अधू झालेल्या माणसाला चिठ्ठी वाचता येत नाही, पण लाल आणि पांढरे ओळखता येते.

अंथरूण-पांघरूण आणि ओल

आषाढाच्या प्रवासाचा खरा शत्रू ओल आहे. भिजलेली चादर वळकटीत गुंडाळली, की दुसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो आणि चौथ्या दिवशी मांडीत, काखेत, स्तनांखाली नायटा फुलतो. मधुमेह असणाऱ्यांना आणि स्थूल व्यक्तींना तो अधिक जडतो. त्यावर दुकानातून आणलेले मिश्र मलम चोळल्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा मात्र आतून पसरतो, कारण अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. म्हणून मलमाआधी ओल घालवावी.

उपाय साधे आहेत. प्रत्येकाची वळकटी प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत असावी. ओले आणि कोरडे कपडे एकत्र ठेवू नयेत. हौद्याच्या वरच्या बाजूस आडवी दोरी बांधावी, म्हणजे चालत्या गाडीतही कपडे वाऱ्यावर राहतात. उघडीप मिळाली, की ताडपत्री दूर सारून अंथरुणे अर्धा तास उन्हाला दाखवावीत. गाडीच्या तळाला लाकडी फळ्या किंवा पालथे क्रेट टाकून त्यांवर सामान ठेवावे, म्हणजे खाली शिरलेले पाणी फाळक्याकडे वाहून जाते आणि शिधा-अंथरूण कोरडे राहते.

दुसरी व्याधी खरजेची. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुटकुळ्या, ही तिची ओळख. एकाच वाकळेत दोघे-तिघे निजले, की ती सर्वांना होते. उपचार एकट्याने करून उपयोग नाही. एकत्र निजणाऱ्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. प्रवासात वाकळ धुणे शक्य नसेल, तर ती पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. माणसाच्या अंगाविना खरजेचा किडा फार दिवस जगत नाही.

रात्री गाडीत किंवा राहुटीत अंथरूण पसरण्यापूर्वी ते एकदा झटकावे. आमच्या भागात पावसाळ्यात विंचू आणि फुरसे कोरडी जागा शोधत येतात आणि सामानाचा ढीग त्यांना आवडतो. पायांत घालण्यापूर्वी चपला-बूट उलटे करून आपटावेत. दंश झालाच, तर मंत्र-तंत्रात किंवा चिरा देण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

ज्याविषयी कोणी बोलत नाही

माझ्या दवाखान्यात वारीच्या दिवसांत येणाऱ्या वृद्ध स्त्रियांची एक तक्रार ठरलेली असते : लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप आणि अंगात त्राण नाही. विचारता विचारता कळते, की आजींनी सकाळपासून दोन पेले पाणी प्यायले. का? तर पाणी प्यायले की जावे लागते आणि जावयास जागा नाही. कोणाला गाडी थांबवावयास सांगणेही लाजेचे वाटते. पाणी कमी प्यायले, की लघवी कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. त्यात रक्तदाबाची, लघवी वाढविणारी गोळी चालूच असते. अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो, तोल जातो, कधी कधी भ्रमही होतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणाने डोके फिरले. प्रत्यक्षात ते पाणी आणि क्षार यांचे बिघडलेले गणित असते.

यावर उपाय गाडीतच करता येतो. दुकानात मिळणारी, मधे भोक आणि खाली भांडे असलेली खुर्ची सोबत घ्यावी. ती घडी होते आणि फारशी जागा घेत नाही. हौद्याचा एक कोपरा जुन्या लुगड्याचा पडदा लावून वेगळा करावा. भांड्याला घट्ट झाकण हवे आणि तळाशी थोडी माती किंवा राख. रिकामे करावयाचे ते मुक्कामाच्या शौचालयात. अलीकडे वारीच्या मार्गांवर फिरती शौचालये उभी केली जातात, त्यांचा लाभ घ्यावा. जेथे ती नसतील, तेथे विहीर, हातपंप आणि ओढा यांपासून किमान पन्नास फूट दूर, हातभर खोल खड्डा घेऊन त्यात टाकावे आणि मातीने बुजवावे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर आपण विसावतो, त्याच्या विहिरीचे पाणी मागाहून येणारी दिंडी पिणार आहे, हे विसरू नये.

मोठ्यांचे डायपर वापरत असाल, तर ते दर चार-सहा तासांनी आणि शौच झाल्यावर लगेच बदलावे. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत घालून, मुक्कामाच्या गावच्या कचरागाडीत द्यावे. चुलीत जाळू नये, ओढ्यात सोडू नये. पुसताना पुढून मागे पुसावे, कोरडे करावे आणि मगच नवे लावावे. आणि हे सर्व करणाऱ्या व्यक्तीने साबणाने हात धुवावेत. फाळक्याला पाण्याचा एक लहान कॅन आणि दोरीने बांधलेला साबण कायम लटकलेला असू द्यावा. साबण शोधावा लागला, की हात धुणे राहून जाते.

शिधा आणि स्वयंपाक

शिध्याच्या गोण्या आणि अंथरुणे यांच्यात अंतर ठेवावे. शिध्यामागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरा नावाचा जंतू पसरतो. तो पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. पीठ, डाळ आणि साखर यांसाठी झाकणाचे पत्र्याचे डबे घ्यावेत. सांडलेले धान्य त्याच दिवशी झाडून घ्यावे.

शिजविलेला भात सकाळचा रात्रीपर्यंत ठेवू नये. दमट हवेत दोन तासांनंतर त्यात जंतू वाढू लागतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही पूर्णपणे जात नाही. उरलेला भात टाकवत नाही, हे मीही जाणतो. पण रात्रीचा एक वाडगा भात वाचविण्यासाठी दुसऱ्या दिवशी आजोबांना सलाईन लावावे लागले, तर तो हिशेब आतबट्ट्याचा ठरतो.

एकादशीच्या फराळाविषयी विशेष सूचना. भगरीमुळे विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात उपवासाच्या दिवसांत घडतात आणि अन्न व औषध प्रशासन त्याविषयी वेळोवेळी सावध करते. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते. दिंडीची गाडी म्हणजे दमट जागाच. म्हणून भगरीचे पीठ सुटे घेऊ नये. अखंड भगर बंद पाकिटातील, तारीख पाहून घ्यावी, निवडून धुवावी आणि लागेल तेवढीच दळावी. ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, कडक उपवास करू नये. वरणभात खाऊन घेतलेले दर्शन विठ्ठलाला चालत नाही, असे कोणत्याही संताने सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही.

हवा : दिसत नाही, पण मारते

पाऊस लागला, की ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट ओढून आत शेगडी पेटविली जाते. कोळशाची असो वा गॅसची, बंद जागेत ती कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण करू शकते. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. म्हणून ताडपत्रीच्या आत चूल, शेगडी किंवा जनरेटर कदापि चालू नये. उबेसाठीही नाही. गारठा वाटला, तर कानटोपी आणि पायमोजे घालावेत. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपणेही तितकेच घातक आहे. गॅसची टाकी उभी, बांधलेली आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेली असावी.

दम्याच्या रुग्णांना गाडीतील धूळ, डिझेलचा धूर आणि उदबत्ती यांचा त्रास होतो. म्हणून केर काढताना आधी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे, आणि त्या वेळी दमेकऱ्याने खाली उतरावे. फिनेलचा मारा केल्याने गाडी स्वच्छ होत नाही, केवळ वास बदलतो. शौचालय धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकत्र तर कधीही करू नयेत. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसे भाजून काढतो.

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत वृद्ध व्यक्तीला “पाच मिनिटांत येतो” म्हणून बसवून जाऊ नये. पाऊस नसलेल्या आषाढात आमच्याकडे ऊन कडक असते. अवघ्या दहा मिनिटांत आतील तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. वृद्धांना तहान उशिरा जाणवते आणि घामही कमी येतो, त्यामुळे धोका दुप्पट.

औषधांचा कप्पा आणि पाय

गाडीत औषधांसाठी एक वेगळा डबा असावा आणि तो चालकाच्या समोरच्या काचेजवळ नसावा. तेथे सर्वाधिक ऊन लागते. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली थंड सावलीत सामान्यतः चार आठवडे टिकते. ती झाकणाच्या लहान डब्यात घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवावी. बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा कराव्यात. केरात टाकलेली सुई गाडी झाडणाऱ्या पोराच्या हातात जाते.

मधुमेही व्यक्तीने गाडीतही अनवाणी वावरू नये. हौद्यात खिळा, तार, फुटकी काच असतेच आणि पाय बधिर असल्याने लागलेले कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, बॅटरीच्या उजेडात सोबत्याने तळवे पाहावेत. हे काम सुनेने किंवा नातवाने केले, तर पाय चेपण्याचे पुण्य वेगळे मिळवावे लागत नाही.

रोजची पंधरा मिनिटे

स्वच्छतेचा संकल्प मोठा केला, की तो तिसऱ्या दिवशी मोडतो. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर, राहुटी लागेपर्यंतच्या वेळात एवढेच करावे :

१. हौदा रिकामा होताच पाणी शिंपडून झाडून घ्यावा, चिखल फाळक्याबाहेर काढावा.

२. कठडे, कडी आणि चढावयाची शिडी साबणाच्या फडक्याने पुसावी. सर्वांचे हात तेथेच लागतात.

३. ओले कपडे दोरीवर, ओली अंथरुणे उघड्यावर.

४. पिण्याचे पाणी नव्याने भरून औषध घालावे आणि वेळ लिहून ठेवावी.

५. ओला, सुका आणि डायपरचा कचरा अशा तीन पिशव्या बांधून गावच्या कचरागाडीत द्याव्यात.

६. शौचाची खुर्ची धुऊन वाळत ठेवावी.

ही कामे एकाच सुनेच्या किंवा एकाच स्वयंपाकीणबाईच्या गळ्यात पडू नयेत. दिंडीत विणेकरी ठरतो, चोपदार ठरतो, भिशीचा हिशेब ठेवणारा ठरतो, तसा रोजचा स्वच्छतेचा माणूसही पाळीपाळीने ठरवावा. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर हातातून खराटा सोडला नाही आणि कीर्तनापूर्वी ते गाव झाडून काढीत. त्यांच्या महाराष्ट्रात केर काढणे हे हलके काम मानण्याचे कारण नाही.

गाडीतच कोणी आजारी पडले, तर

उलटी झाली तर प्रथम तिच्यावर माती किंवा राख टाकून ती उचलून घ्यावी. मग एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा ब्लीचिंग पावडर कालवून त्या पाण्याने ती जागा पुसावी आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावी. पुसणाऱ्याने हातमोजे किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. आजारी व्यक्तीचे ताट-पेला वेगळा ठेवावा आणि तिने स्वयंपाकात हात घालू नये.

जुलाब सुरू झाले, की पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी द्यावी. एक पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात, चोवीस तासांच्या आत संपवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. या साध्या पाण्याचे सामर्थ्य १९७१ साली जगाने पाहिले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचे पाणी भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. जेथे शंभरातील तीस माणसे मरत होती, तेथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. डॉक्टर जागेवर नसताना नातेवाइकाच्या हातातील पेला जीव वाचवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक दक्षता अधिक. हृदय दुबळे असेल, तर किती पाणी द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. जुलाब-उलट्या चालू असताना लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी आली आहे, शौचात रक्त आहे, पाणी पोटात टिकत नाही किंवा ताप उतरत नाही, यांपैकी काहीही दिसले, तर पालखी पंढरीला पोहोचण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. राहिलेली वारी पुढच्या वर्षी पूर्ण होते.

परतल्यानंतर

वारी संपली, द्वादशीचे पारणे झाले, माणसे घरी आली, की गाडीकडे कोणी पाहत नाही. ती तशीच मालकाच्या अंगणात उभी राहते आणि वळकट्या माळ्यावर जातात. असे करू नये. सर्व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे, टाकी रिकामी करून कोरडी उघडी ठेवावी, हौदा धुऊन उन्हात तापू द्यावा. टाकीत किंवा टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवडाभरात तयार होतात.

काही आजार वारीत लागतात आणि घरी आल्यावर प्रकट होतात. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते, डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत, विषमज्वर एक ते तीन आठवड्यांत, दूषित पाण्याची कावीळ तर कधी कधी महिना-दीड महिन्याने. पहिल्यांदाच झालेली खरूजही चार-सहा आठवड्यांनी खाजू लागते. म्हणून श्रावणात किंवा भाद्रपदात आजोबांना ताप आला, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, “ते वारीला जाऊन आले आहेत.” या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

ज्यांच्या घरी यंदा आई-वडिलांना पंढरीला न्यावयाचा बेत आहे, त्यांनी निघण्याच्या पंधरा दिवस आधी तपासणी, आठ दिवस आधी टाकीची धुलाई आणि आदल्या दिवशी औषधांचा डबा, एवढे तीन मुहूर्त साधावेत. आणि गाडीत सामान चढविताना सर्वांत शेवटी, पण हाताला सर्वांत आधी लागेल अशा जागी, साबण आणि खराटा ठेवावा.